शेकडो पक्ष्यांना होडीतून बेटावर नेणारा रिचर्ड हेन्री, आणि त्याची सहा वर्षांची मेहनत पाण्यात घालवणारा एक पोहणारा प्राणी

एक कुत्री. तोंडाला मुसकं बांधलेलं, गळ्यात घंटी. ती शेवाळलेल्या जंगलात नाक जमिनीला लावून पुढे पळतेय आणि घंटीच्या आवाजामागे पन्नाशीला टेकलेला एक माणूस घसरत, धडपडत चाललाय. वरून पाऊस, अंगावर चावऱ्या माश्या. मग एका झाडाच्या मुळाशी कुत्री थांबते. तिथे एक हिरवा, गुबगुबीत, मांजराएवढा पोपट बसलेला असतो. तो उडत नाही. पळतही नाही. माणूस त्याला उचलतो, पिंजऱ्यात ठेवतो, पाठीवर टाकतो आणि होडीकडे निघतो.

हा माणूस म्हणजे रिचर्ड हेन्री. जागा, न्यूझीलंडचा नैऋत्य कोपरा. काळ, १८९४ ते १९००.

आज एखादा पक्षी संपायला आला की शास्त्रज्ञ काय करतात? उरलेले पक्षी पकडून सुरक्षित जागी हलवतात, तिथे त्यांची संख्या वाढवतात आणि मग पुन्हा जंगलात सोडतात. यासाठी आता विद्यापीठात अभ्यासक्रम आहेत, सरकारी विभाग आहेत, ट्रान्समीटर आहेत, हेलिकॉप्टर आहेत. हेन्रीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे तर कुठली पदवीही नव्हती. तरी संकटातल्या पक्ष्यांना वाचवण्यासाठी त्यांना सरकारी खर्चाने दुसऱ्या जागी हलवण्याचा जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक या गड्याच्या नावावर आहे.

ससे आले, मग सशांना मारायला दुसरं कुणीतरी आलं

हेन्रीची गोष्ट कळायची तर आधी न्यूझीलंडची गोष्ट कळायला हवी.

हा देश कोट्यवधी वर्षं बाकीच्या जमिनीपासून तुटलेला होता. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवरचा एकही मूळ सस्तन प्राणी नव्हता. ना मांजर, ना कोल्हा, ना मुंगूस, ना उंदीर. जमिनीवर खाणारं कुणी नाही म्हटल्यावर बऱ्याच पक्ष्यांनी उडणं सोडून दिलं. किवी आपल्याला माहीत आहे. दुसरा असाच एक पक्षी म्हणजे काकापो. जगातला सगळ्यात जड पोपट, नराचं वजन ४ किलोपर्यंत जातं. रात्री फिरतो, झाडावर चढू शकतो, पण उडत नाही. आणि त्याच्या अंगाला एक गोडसर, कुबट वास येतो.

हा वासच पुढे घातक ठरला. काकापोचे जुने शत्रू म्हणजे आकाशातून नजरेने शिकार शोधणारे शिकारी पक्षी. त्यांच्यापासून वाचायचा उपाय साधा होता. हलायचं नाही. हिरवा रंग शेवाळात मिसळून जायचा आणि पोपट दिसेनासा व्हायचा. पण नाकाने शिकार शोधणाऱ्या प्राण्यासमोर स्तब्ध बसणं म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखं झालं.

असे प्राणी माणसाने आणले. माओरी लोकांबरोबर उंदीर आणि कुत्रे आले होते. युरोपीय लोकांनी मांजरं आणि आणखी उंदीर आणले, आणि शिकारीच्या हौसेपायी ससेसुद्धा. सशांनी काय केलं हे वेगळं सांगायला नको. मेंढ्यांची कुरणं त्यांनी फस्त करायला सुरुवात केली. मेंढपाळ हैराण झाले. मग १८८० च्या दशकात सरकारने आणि जमीनदारांनी उपाय शोधला, सशांना मारणारे प्राणी आणायचे. स्टोट, वीझल आणि फेरेट. हे तिघे एकाच कुळातले. लांबुळके, चपळ, आपल्या मुंगसाची आठवण करून देणारे. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाच ओरडून सांगत होते की हे करू नका. पण मेंढ्यांचा पैसा पक्ष्यांपेक्षा मोठा होता.

स्टोटने ससे मारले का? मारले थोडे. पण पळणाऱ्या सशापेक्षा जागेवर बसून राहणारा पक्षी पकडणं कधीही सोपं.

ते आधी कुणाच्या लक्षात आलं?

रिचर्ड ट्रेसी हेन्री १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मला. तो लहान असतानाच त्याचं कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं. व्हिक्टोरियातल्या रानात तो वाढला आणि प्राणी-पक्ष्यांकडे बघण्याची नजर त्याला तिथल्या आदिवासींच्या सोबतीत मिळाली. पुढे तो न्यूझीलंडला आला आणि १८८० च्या दशकात ते आनाऊ नावाच्या मोठ्या सरोवराकाठी झोपडी बांधून राहिला. काम काय करायचा? विचारू नका. होड्या बांधायचा, सुतारकाम करायचा, ससे मारायचा, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून द्यायचा, पाहुण्यांना डोंगरात फिरवून आणायचा. हातात पैसा टिकला नाही, पण सगळा दिवस रानात जायचा. आणि जे दिसलं ते तो लिहून ठेवायचा, वर्तमानपत्राला पाठवायचा.

त्यामुळे स्टोट आणि फेरेट सरोवराच्या बाजूला पोचले तेव्हा त्याचा परिणाम त्याला घरबसल्या दिसला. ज्या काठावर काल बदकांची पिल्लं होती तिथे आज काही नाही. ज्या दरीत रात्री काकापोचा आवाज यायचा ती गप्प झालेली. हेन्रीला कळलं की हे एका दरीपुरतं थांबणारं नाही.

यावर एक कल्पना तेव्हा काही अभ्यासक मांडत होते. पक्ष्यांना समुद्रातल्या बेटावर ठेवायचं. स्टोटला मध्ये पाणी आडवं येईल. सरकारने १८९१ मध्ये फियोर्डलँडच्या किनाऱ्याला लागून असलेलं रेझोल्यूशन बेट यासाठी राखून ठेवलं. बेट लहान नाही बरं का, सुमारे २०८ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराच्या साधारण तिप्पट. बेट ज्या डस्की खाडीत आहे तिथे १७७३ मध्ये कॅप्टन कुक येऊन गेला होता. त्याच्या जहाजाचं नावच या बेटाला मिळालं. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, पाऊस जगातल्या सगळ्यात जास्त पडणाऱ्या भागांपैकी, आणि मनुष्यवस्ती शून्य.

बेट राखीव झालं. आता तिथे राहून पक्षी हलवणारा माणूस हवा होता. अभ्यासकांच्या वर्तुळात हेन्रीचं नाव पुढे आलं. त्यालाही ही नोकरी मनापासून हवी होती. पण सरकारी काम, त्यामुळे फाईल हलेना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिकडे स्टोट रोज पुढे सरकत होते आणि इकडे नेमणूक होत नव्हती.

हेन्री खचला. १८९३ मध्ये तो सगळं सोडून ऑकलंडला गेला आणि तिथे त्याने स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. एकटेपणा, कंगाली, वय ४८ आणि ज्या एका कामासाठी आपण बनलोय असं वाटत होतं ते मिळत नाही, असं सगळं एकत्र आलं होतं. त्याच्या आयुष्याबद्दल लिहिताना ही गोष्ट बऱ्याचदा दोन ओळींत उरकली जाते. मला मात्र वाटतं की पुढची सहा वर्षं त्याने ज्या जिद्दीने काढली, ती या प्रसंगाशिवाय नीट कळत नाही.

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, नेमणुकीचं पत्र आलं.

एका होडीवर चाललेला प्रकल्प

हेन्री एका मदतनीसासह डस्की खाडीत उतरला. मुक्काम रेझोल्यूशनवर नाही, तर शेजारच्या छोट्या पिजन बेटावर केला, कारण तिथे होडीला चांगला आडोसा होता. घर बांधलं, होडीसाठी शेड बांधली, पकडलेले पक्षी तात्पुरते ठेवायला कुंपण घातलं. सरकारी बोट वर्षातून मोजक्या वेळा किराणा आणि पत्रं घेऊन यायची. ती उशिरा आली तर वाट बघायची. मदतनीस बदलत राहिले, मधला बराच काळ तो एकटाच राहिला.

सुरुवातीला काकापो सापडेनातच. रात्री फिरणारा, दिवसा मुळांखाली लपणारा पक्षी माणसाला कसा दिसणार? शेवटी काम केलं कुत्रीने. पण कुत्री पक्षी पकडायला शिकली तर तो मरणार, म्हणून मुसकं. आपण बैलाला उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतो तसंच. आणि दाट रानात ती दिसेनाशी होते म्हणून घंटी. पक्षी सापडला की तो पिंजऱ्यात घालून डोंगर उतरायचा, होडीत ठेवायचा, शीड किंवा वल्ही मारत खाडी ओलांडायची आणि बेटावर सोडून द्यायचं. मग परत.

या पद्धतीने सहा वर्षांत त्याने शेकडो पक्षी हलवले. त्यात २०० हून जास्त काकापो होते, बाकी मुख्यतः किवी.

हे वाचायला सोपं वाटतं. जरा थांबून विचार करा. हवामान खात्याचा अंदाज नाही, इंजिन नाही. खाडीत वारा फिरला तर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसकट माणूस तळाला. पावसाने आठवडाभर बाहेर पडता येत नाही. आणि पकडलेल्या पक्ष्याला तोपर्यंत काय खायला द्यायचं हे सांगणारं कुणी जवळ नाही. हेन्री करून बघत होता आणि लिहून ठेवत होता.

त्याच्या या नोंदी म्हणजे खरा खजिना. काकापोचे नर उन्हाळ्याच्या रात्री डोंगरमाथ्यावर जमिनीत वाडग्यासारखे खड्डे करतात, त्यांना जोडणाऱ्या पायवाटा साफ ठेवतात, अंग फुगवतात आणि ढोलासारखा खोल आवाज काढतात. हा आवाज कित्येक किलोमीटर जातो. हे माद्यांना बोलावणं आहे, हे हेन्रीने ओळखलं. काकापो दरवर्षी अंडी घालत नाहीत, मधली वर्षं कोरडी जातात, हेही त्याच्या लक्षात आलं. यामागचं कारण पुढे विज्ञानाने सांगितलं. रिमू नावाच्या झाडाला दोन ते चार वर्षांतून एकदा भरघोस फळ धरतं आणि काकापोचा विणीचा हंगाम त्याच्याशी बांधलेला असतो. १९०३ मध्ये सरकारी छापखान्याने हेन्रीचं न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सवयींवरचं छोटं पुस्तक छापलं. पुढे काकापोवर काम करणाऱ्यांना त्याच्या नोंदी मोलाच्या ठरल्या.

पण आपण थोडं पुढे गेलो. १९०० मध्ये परत येऊ.

बोटीवरच्या पर्यटकांनी काहीतरी पाहिलं

त्या वर्षी पर्यटकांची एक बोट डस्की खाडीतून जात होती. बोटीवरच्या लोकांना रेझोल्यूशनच्या किनाऱ्यावर एक वीझलसारखा प्राणी वेका पक्ष्याच्या मागे धावताना दिसला. ही बातमी हेन्रीपर्यंत आली.

त्याचा विश्वास बसेना, किंवा बसू द्यायचा नव्हता. पर्यटकच ते, दुसरं काहीतरी बघितलं असेल. तरी त्याने सापळे लावले, किनारे पालथे घातले. महिने गेले, काही सापडलं नाही. आणि मग एके दिवशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बेटावर स्टोट पाहिला.

झालं काय होतं? रेझोल्यूशन आणि मुख्य भूमी यांच्यातली खाडी सगळ्यात अरुंद जागी एक किलोमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. आणि स्टोट पोहतो. चांगलाच पोहतो. एक किलोमीटरहून जास्त अंतर तो सहज पार करू शकतो हे आज माहीत आहे. तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की पाणी म्हणजे भिंत. बेट निवडताना झालेली ही एक चूक, आणि शेकडो पक्ष्यांची किंमत.

त्यात एकच गर्भार मादी पोहोचली तरी पुरतं. काकापोच्या बाबतीत तर फारच सोपं. मादी एकटी पिल्लं वाढवते. ती रात्री खायला लांब जाते तेव्हा जमिनीवरच्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं एकटी असतात, आणि वास तर येतच असतो. पुढच्या काही वर्षांत रेझोल्यूशनवरचे काकापो संपले. एका बाजूला मुख्य भूमीवर ते मरतच होते, दुसऱ्या बाजूला ज्यांना त्याने हाताने उचलून सुरक्षित जागी नेलं तेही गेले.

आता मनात प्रश्न येतोच. हेन्रीला हे आधी कळायला हवं होतं का? स्टोटविरुद्ध सगळ्यात आधी बोलणाऱ्यांतला तो एक. पण बेट त्याने निवडलं नव्हतं. त्याला जे दिलं तिथे त्याने काम केलं. दोष द्यायचाच तर ज्यांनी स्टोट आणले त्यांना द्यावा आणि ज्यांनी नेमणुकीत वर्षं घालवली त्यांनाही.

माझ्यासारखा कुणी असता तर त्या दिवशी सामान बांधून निघाला असता. हेन्री थांबला. आणखी आठ वर्षं तो डस्की खाडीत राहिला. १९०३ मध्ये तिथून तीन काकापो पार उत्तरेच्या लिटल बॅरियर बेटावर हलवण्यात आले. तिथे मांजरं होती, ते पक्षी पुन्हा कधी दिसले नाहीत. १९०८ मध्ये हेन्री वेलिंग्टनजवळच्या कापिती बेटाचा रखवालदार झाला. काही वर्षांनी निवृत्त झाला. लग्न त्याने केलंच नव्हतं. शेवटच्या दिवसांत मन आणि शरीर दोन्ही थकलं आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये ऑकलंडमध्ये तो गेला. अंत्यविधीला हजर होता तो एक पोस्टमास्तर.

मग १९७५ मध्ये एक पोपट सापडला

इथे गोष्ट संपली असती. पण ऐका.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काकापो जवळजवळ दंतकथा झाला होता. न्यूझीलंडच्या वन्यजीव विभागाचा डॉन मर्टन आणि त्याचे सहकारी १९७० च्या दशकात हेलिकॉप्टरने फियोर्डलँडच्या उभ्या कड्यांमधल्या दऱ्यांत उतरले. काही काकापो सापडले. सगळे नर. नुसत्या नरांचं काय करणार? १९७५ मध्ये गलिव्हर नावाच्या दरीतून एक नर पकडून माऊड बेटावर आणला गेला. त्याचं नाव ठेवलं रिचर्ड हेन्री.

दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, दक्षिणेच्या स्टुअर्ट बेटावर काकापोंची एक आख्खी वस्ती मिळाली आणि पुढे तिथे माद्याही आढळल्या. पण मांजरं त्यांना खात होती. मग १९८० आणि ९० च्या दशकात या पक्ष्यांना पकडून शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर नेण्यात आलं. म्हणजे हेन्रीचीच पद्धत. फरक एवढाच की आता बेट आधी तपासलं जात होतं, साफ केलं जात होतं, आणि ते किनाऱ्यापासून किती लांब आहे हे मोजलं जात होतं.

१९९५ मध्ये जगात फक्त ५१ काकापो उरले होते. त्यातले ५० स्टुअर्ट बेटाचे, एकमेकांच्या नात्यातले. आणि फियोर्डलँडच्या रक्ताचा एकटा रिचर्ड हेन्री. स्टुअर्टच्या काकापोंमध्ये नसलेली जनुकं या म्हाताऱ्याकडे होती, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. १९९८ मध्ये माऊड बेटावर फ्लॉसी नावाच्या मादीपासून त्याला तीन पिल्लं झाली. दोन नर, गलिव्हर आणि सिनबाद. एक मादी, कुइया. डिसेंबर २०१० मध्ये रिचर्ड हेन्री पोपट गेला. वय किती होतं कुणालाच ठाऊक नाही, कारण १९७५ मध्ये सापडला तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता.

२०२२ मध्ये काकापोंची संख्या २५२ पर्यंत पोहोचली. तेव्हा जवळजवळ प्रत्येकाला नाव होतं, पाठीवर ट्रान्समीटर होता.

आणि डस्की खाडी? रेझोल्यूशनवर २००८ पासून स्टोट पकडायचे हजारो सापळे लावलेत. तरी स्टोट पूर्ण संपलेले नाहीत, थोडे पोहून येतच राहतात. पण त्याच खाडीतलं अँकर बेट स्टोटमुक्त झालंय. तिथे काकापो सोडले आणि २०१६ मध्ये त्यांनी पिल्लं वाढवली. पिजन बेटावर हेन्रीने पकडलेल्या पक्ष्यांसाठी घातलेल्या कुंपणाचे अवशेष आजही जंगलात दिसतात.